गोठ्यापर्यंत आलेली थंडी

नागपूरहून सावनेरमार्गे छिंदवाड्याला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५४७ महाराष्ट्राची हद्द ओलांडतो आणि सौंसरच्या अलीकडे बोरगाव लागतं. कागदोपत्री हा मध्य प्रदेश. बोली मात्र वऱ्हाडी-नागपुरी वळणाची मराठी, शेतात संत्रा आणि कापूस, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीच्या पात्रात गोटमार. १९५६ पर्यंत हा मुलूख ज्या प्रांतात होता त्याची राजधानी नागपूरच होती. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके वेगळे निघाले आणि पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत रेमंडची लोकरी कापडाची गिरणी आहे, महामार्गावर दिवसरात्र ट्रक आहेत. दुखणं मोठं झालं की इथला माणूस आजही नागपूरची गाडी धरतो.

या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला एका वस्तूचं नवल उरलेलं नाही. ती म्हणजे कृत्रिम रेतन करणाऱ्याच्या मोटरसायकलला बांधलेला ॲल्युमिनियमचा जार. गाय माजावर आली की फोन जातो, माणूस येतो, गोठ्याच्या तोंडाशी जार उतरवतो. झाकण उचललं की पांढरी वाफ काठावरून खाली सांडते. चिमट्याने तो आतून एक बारीक रेतकांडी काढतो, पाव मिलिलिटरची. ती सदतीस अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरतो, पुसतो, टोक कापतो आणि गनमध्ये बसवतो. जारमध्ये द्रवरूप नत्र असतो, उणे १९६ अंश सेल्सिअसचा. पृथ्वीच्या पाठीवर निसर्गात कुठेही इतकी थंडी पडत नाही. ती थंडी आपल्या गोठ्यात येऊन जाते आणि आपण तिच्याकडे वळूनही पाहत नाही.

महाराष्ट्रात ही सोय गावोगाव नेण्यात उरुळी कांचनच्या मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या 'बाएफ' संस्थेचा मोठा वाटा आहे. मध्य प्रदेशात भोपाळच्या भदभदा इथलं गोठीत रेत केंद्र आहे. शहरातून नत्र जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला, तिथून छोट्या जारमधून वाडीवस्तीला, अशी ही साखळी चालते. गायीसाठी ती उभी राहिली याचा आनंदच आहे. दुधाचा पैसा घरात आला तो तिच्यामुळे.

हीच थंडी माणसाच्या कातडीवरचा एक चिवट फोडही बरा करते. हा फोड परजीवीमुळे होतो, त्याला उपचार मिळाला नाही तर वर्षभर चिघळतो आणि चेहऱ्यावर कायमचा व्रण ठेवून जातो. त्या उपचाराची सामग्री आपल्या तालुक्यांत अर्धीअधिक आधीपासून आहे. ती माणसाच्या दवाखान्यापर्यंत कशी पोहोचेल, आणि पोहोचल्यावर ती कुठे वापरायची व कुठे अजिबात वापरायची नाही, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

दिल्लीचा फोड, खंभातचा फोड, बिकानेरचा फोड

या रोगाचं वैद्यकातलं नाव त्वचेचा लेश्मानिया. परजीवी एकपेशीय, दोन ते चार मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या तांबड्या रक्तपेशीहूनही लहान. तो पसरवते सँडफ्लाय, म्हणजे वाळूमाशी. तिची मादी रक्त पिण्यासाठी चावते आणि परजीवी कातडीत सोडते. शरीराच्या ज्या पेशी जंतूंना गिळून संपवतात, त्याच पेशींच्या पोटात हा परजीवी बिऱ्हाड करतो. चाव्याच्या जागी काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी लालसर गाठ उठते, ती वाढते, मधोमध खपली धरते, खपली निघाली की खाली खड्डा आणि भोवती उंच कडा. सहसा ती दुखत नाही. म्हणूनच माणूस दुर्लक्ष करतो.

पूर्वी ज्या शहरात हा फोड जास्त, त्या शहराचं नाव त्याला पडे. १८८५ मध्ये कलकत्त्यात डी. डी. कनिंगहॅम यांनी दिल्लीच्या फोडातल्या उतींमध्ये पहिल्यांदा हे विचित्र कण पाहून लिहून ठेवले. १८९८ मध्ये ताश्कंदला बोरोव्स्की यांनी ते परजीवी असल्याचं ओळखलं. १९०३ मध्ये बोस्टनला जेम्स राइट यांनी एका आर्मेनियन मुलीच्या गालावरच्या फोडातून त्याचं नेमकं वर्णन केलं. त्याच वर्षी लेश्मन आणि मद्रासचे डोनोव्हन यांनी काळ्या आजाराचा, म्हणजे पोटातल्या अवयवांना ग्रासणाऱ्या लेश्मानियाचा परजीवी जगापुढे आणला.

या इतिहासात मुंबईचंही एक पान आहे आणि ते मराठी वाचकाला माहीत असायला हवं. डॉ. राघवेंद्र राव मुंबईत काम करत होते. खंभातच्या फोडातला परजीवी त्यांनी प्रयोगशाळेत वाढवला आणि त्याच्या अवस्थांचं वर्णन १९०९ मध्ये प्रसिद्ध केलं. १९१२ मध्ये त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये, वाढवलेल्या परजीवींपासून तयार केलेली लस देऊन फोड बरा करण्याचे आपले प्रयोग मांडले. शंभर वर्षांपूर्वी मुंबईतला एक डॉक्टर या फोडावर जगाच्या बरोबरीने विचार करत होता.

आज भारतात हा फोड प्रामुख्याने राजस्थानात, त्यातही बिकानेर शहराच्या जुन्या वस्तीत आढळतो. तिथला परजीवी लेश्मानिया ट्रॉपिका. तो वाळूमाशीमार्फत माणसाकडून माणसाकडे जातो. तिथल्या सरदार पटेल वैद्यकीय महाविद्यालयात या रोगावर अनेक वर्षं काम चाललं आहे. हिमाचलच्या सतलज खोऱ्यात हा फोड दिसू लागला तेव्हा शिमल्याच्या डॉक्टरांनी १६१ रुग्णांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांत बहुतेकांच्या फोडात काळ्या आजाराचाच परजीवी, लेश्मानिया डोनोव्हानी, निघाला. केरळात अगस्त्यमलाईच्या जंगलातल्या काणी आदिवासींमध्येही तो सापडला. म्हणजे हा रोग वाळवंटाची हद्द सोडून डोंगरात आणि दक्षिणेच्या जंगलातही गेला.

सौंसर-पांढुर्णा आणि विदर्भ हा या रोगाचा पट्टा नाही. इथल्या माणसाला तो होण्याचा रस्ता प्रवासाचा आहे: राजस्थानात तैनात जवान, मालवाहू गाडीचा ड्रायव्हर, आखातात कामाला गेलेला वेल्डर. इराण, इराक, सीरिया, सौदी अरेबिया आणि अफगाणिस्तान हे या फोडाचे मोठे मुलूख. असा माणूस सुट्टीवर घरी येतो, तेव्हा फोडही सोबत येतो. गावात तो कुणी पाहिलेला नसतो.

एकच थंडी, दोन कामं

जारमधल्या थंडीकडे परत येऊ. एक साधा प्रश्न आहे. उणे १९६ अंशांत ठेवलेलं वळूचं रेत वर्षानुवर्षं जिवंत राहतं आणि त्यातून वासरू जन्मतं. मग तीच थंडी कातडीतल्या परजीवीला मारते कशी?

याचं उत्तर १९४९ मध्ये सापडलं. इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स या शास्त्रज्ञांना दिसलं की शुक्राणूंना ग्लिसरॉल घालून गोठवलं तर ते वितळल्यावर पुन्हा हालचाल करतात. पेशीतलं पाणी गोठताना बर्फाचे सुईसारखे कण तयार होतात. ते पेशीचं आवरण फाडतात. बाहेरचं पाणी आधी गोठलं तर उरलेल्या पाण्यात क्षार दाटतात आणि पेशी आतून सुकते. ग्लिसरॉल हे दोन्ही घात सौम्य करतं. म्हणून रेतकांडीत अंड्याच्या बलकाबरोबर ग्लिसरॉल असतं, आणि गोठवण्याचा वेगही मोजूनमापून ठरवलेला असतो. प्रयोगशाळेत लेश्मानियाचे परजीवीही अशाच संरक्षक द्रवात, अशाच नत्रात, वर्षानुवर्षं जिवंत जपून ठेवतात.

कातडीत ते संरक्षण नसतं. डॉक्टर फोडावर नत्र सोडतो तेव्हा पेशी आणि पेशीच्या पोटातला परजीवी दोघांच्याही पाण्याचा बर्फ होतो. मग तो भाग आपोआप, हळूहळू वितळू देतात, आणि हे हळू वितळणंच जास्त घातक असतं, कारण त्या वेळात बर्फाचे छोटे कण एकमेकांत मिसळून मोठे होतात. वितळल्यावर तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांत गाठी धरतात, रक्तपुरवठा तुटतो आणि उरलेल्या पेशीही मरतात. म्हणून हा उपचार एकदा गोठवून थांबत नाही. गोठवायचं, वितळू द्यायचं, पुन्हा गोठवायचं. मारण्याचं काम थंडी आणि वितळणं दोघं मिळून करतात. गोठ्यात कांडी कोमट पाण्यात झटकन वितळवतात त्यामागेही हेच शास्त्र आहे, फक्त उलट्या बाजूने.

थंडीने इलाज करण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये जेम्स आर्नॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात बर्फ आणि मिठाच्या मिश्रणाने गाठी गोठवल्या. १८८३ मध्ये पोलंडच्या क्राकोव्ह शहरात व्रोब्लेव्स्की आणि ओल्शेव्स्की यांनी नत्र द्रवरूप केला. १८९९ मध्ये न्यूयॉर्कच्या कॅम्पबेल व्हाइट यांनी द्रवरूप हवा कातडीच्या रोगांवर वापरली. १९५० मध्ये ॲलिंग्टन यांनी कापसाचा बोळा द्रवरूप नत्रात बुडवून चामखिळींवर लावण्याची पद्धत मांडली. लेश्मानियाच्या फोडावर हा उपचार प्रामुख्याने १९८० च्या दशकात मध्यपूर्वेतून पुढे आला, कारण रुग्ण तिथे होते आणि नत्रही तिथे मिळत होता.

टेबलावर काय घडतं

खोली साधी असते. टेबलावर नत्राचा छोटा थर्मास, शेजारी क्रायोगन, म्हणजे पिचकारीसारखं तोटी असलेलं यंत्र. यंत्र नसेल तर लांब काडीला गुंडाळलेला कापूस. डॉक्टर आधी फोडाची खपली सलाइनने भिजवून काढतो, कारण खपलीखालीच परजीवी असतात आणि खपली थंडी अडवते. मग नत्राचा फवारा सुरू. फोड काही सेकंदांत पांढरा पडतो, दगडासारखा टणक होतो. पांढरेपणा फोडाच्या कडेच्या बाहेर एकदोन मिलिमीटर पसरला की थांबायचं. परजीवी कडेच्या उंचवट्यात जास्त असतात, म्हणून कडेबाहेरचा हा घेर महत्त्वाचा. सारा प्रकार दहा ते तीस सेकंदांचा. रुग्णाला आधी चटका बसतो, मग जागा बधिर होते, वितळताना पुन्हा ठणकते. दुसऱ्या दिवशी तिथे पाण्याचा फुगा येऊ शकतो, पाणी येतं, नंतर खपली धरते. दिवसाआड ड्रेसिंग करायचं, फुगा फोडायचा नाही.

बहुतेक ठिकाणी थंडीला जोडून एक इंजेक्शन दिलं जातं: सोडियम स्टिबोग्लुकोनेट, म्हणजे अँटिमनीचं औषध, थेट फोडाच्या कडेत. गोठवून वितळल्यावर जागा सुजते, उती मऊ पडतात, मग औषध आत सहज शिरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने २०१० च्या अहवालात लेश्मानिया ट्रॉपिकाच्या फोडासाठी ही जोड सुचवली: फोडात एक ते पाच मिलिलिटर औषध, सोबत द्रवरूप नत्र, दर तीन ते सात दिवसांनी, एक ते पाच वेळा. फोड मोजके आणि लहान असावेत, ही अट. डोळ्याच्या पापणीवर, नाकाच्या आतल्या त्वचेवर किंवा सांध्यावर असले, किंवा संख्येने बरेच असले, तर पोटातून किंवा शिरेतून औषध द्यावं लागतं.

गुण किती येतो? इस्फहानच्या डॉक्टरांनी २००४ मध्ये तीन गट करून तुलना केली. नुसत्या थंडीने आणि नुसत्या इंजेक्शनने निम्म्याहून थोडे अधिक फोड पूर्ण बरे झाले. दोन्ही एकत्र दिल्यावर दहापैकी नऊ. श्रीलंकेत लेश्मानिया डोनोव्हानीच्या फोडावर नुसता नत्र वापरला, तेव्हाही नव्वद टक्क्यांहून थोडे अधिक बरे झाल्याचं २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. परजीवीची जात बदलली की थंडीचा गुणही बदलतो.

या उपचाराची बाजू बळकट आहे ती दुसऱ्या एका कारणाने. अँटिमनीचं औषध शिरेतून तीन आठवडे द्यायचं तर हृदय, यकृत, स्वादुपिंड यांवर लक्ष ठेवावं लागतं. गरोदर बाईला ते देता येत नाही. थंडी शरीरभर फिरत नाही. ती फक्त फोडापुरती असते, म्हणून गरोदर बाईसाठी तो मोठाच आधार ठरतो.

एक तोटा आधीच सांगायला हवा. कातडीला रंग देणाऱ्या पेशी थंडीला सगळ्यांत नाजूक. उणे चार ते सात अंशांतच त्या मरू लागतात. त्यामुळे बरं झाल्यावर सावळ्या कातडीवर पांढरा डाग राहू शकतो, काहींचा तो महिन्यांनी भरतो, काहींचा राहतो. आपल्याकडे पांढऱ्या डागाचा अर्थ लोक भलताच लावतात. लग्नाच्या वयाच्या मुलीच्या गालावर पांढरा डाग म्हणजे घराला घोर. डॉक्टरने हे आधी बोलून घ्यायला हवं, दोन्ही शक्यता सांगायला हव्यात: उपचाराविना राहणारा खोल खड्ड्याचा व्रण आणि उपचारानंतर राहू शकणारा फिकट डाग. निवड रुग्णाची.

थंडीइतकीच उष्णताही कामी येते. पन्नास अंशांची नियंत्रित उष्णता फोडावर तीस सेकंद दिली तर परजीवी मरतात. बिकानेरात रेडिओ लहरींनी अशी उष्णता देऊन अनेक रुग्ण बरे केले आहेत. पण उष्णता म्हटली की मेळघाटातला डंबा आठवतो, तापलेल्या विळ्याने तान्ह्या लेकराच्या पोटावर दिलेले चटके. तो उपचार नव्हे. बधिरीकरण करून मोजून दिलेले पन्नास अंश आणि चुलीत लाल केलेलं लोखंड यांत काहीही साम्य नाही. फोडाला डागणी देऊ नका. जखम चिघळते आणि खालचा परजीवी तसाच राहतो.

जिथे गोठवायचं नाही

परजीवी म्हटला आणि थंडी वापरली, असं सरसकट चालत नाही. आपल्या गावात जास्त भेटणारा कातडीचा परजीवी वेगळाच आहे. कुत्र्या-मांजरांच्या पोटातल्या अंकुशकृमींची अंडी त्यांच्या विष्ठेतून ओल्या मातीत पडतात. तिथे अळ्या तयार होतात. अनवाणी माणसाचा पाय पडला की अळी कातडीत शिरते. माणूस तिचं घर नव्हे, म्हणून तिला खोल जाता येत नाही. ती कातडीच्या वरच्या थरात वाट शोधत फिरते. तळव्यावर किंवा पायाच्या बोटांशी लाल, उंच, नागमोडी रेघ उठते, रोज काही मिलिमीटर ते एकदोन सेंटिमीटर पुढे सरकते आणि रात्री झोपू देत नाही अशी खाजते. पावसाळ्यात पऱ्हाटी निंदणाऱ्या बायका, वाळूत खेळणारी पोरं यांना हा धोका जास्त.

या रेघेवर पूर्वी डॉक्टर इथिल क्लोराइड फवारत, पुढे द्रवरूप नत्रही वापरून पाहिला. ते आता सोडून दिलं आहे. कारण साधं आहे. दिसते ती अळीची गेलेली वाट, अळी त्या रेघेच्या टोकाच्याही पुढे असते. रेघ गोठवली तर कातडी भाजते, फोड येतात, आणि अळी पुढे चालतच राहते. उलट आयव्हरमेक्टिनची एक मात्रा किंवा अल्बेन्डाझोलच्या थोड्या दिवसांच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतल्या तर ती मरते. पायात चप्पल, मोकाट कुत्र्यांना जंतनाशक, आणि मुलांच्या खेळण्याच्या वाळूवर झाकण, ही तीन कामं केली तर ही औषधंही घ्यावी लागत नाहीत.

जो परजीवी एका जागी बसून आहे त्याला थंडीने गाठता येतं, जो चालता आहे त्याला नाही. म्हणून फवारा हातात घेण्याआधी समोरचा परजीवी कोणता, हे ठरवावं लागतं.

ओळखीची माशी

वाळूमाशीचं नाव विदर्भाला नवं नाही. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांना एक नवा विषाणू मिळाला. गावाचंच नाव त्याला दिलं गेलं. तो विषाणू वाळूमाशीच पसरवते. २००३ मध्ये आंध्रात त्याने ३२९ मुलांना गाठलं आणि १८३ दगावली. त्याच वर्षी महाराष्ट्रातही साथ आली. २०२४ मध्ये गुजरातेत पुन्हा मुलं गेली.

ही माशी डासाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. दोनतीन मिलिमीटरची, केसाळ, पिवळसर. ती दूरवर उडत नाही, टुणकन उड्या मारत सरकते. साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून आत येते. दिवसा ती भिंतीच्या भेगांत, गोठ्याच्या काळोख्या कोपऱ्यात, शेणाच्या ढिगाजवळच्या ओलाव्यात बसते. अंडीही तिथेच. दिवस मावळला की बाहेर. वाळूमाशीच्या जाती अनेक. प्रत्येक जात प्रत्येक परजीवी वाहत नाही, म्हणून बिकानेरहून आलेल्या एका रुग्णामुळे सौंसरला साथ उठेल असं भय बाळगायचं कारण नाही. पण माशीशी लढाई एकच आहे. भिंतीच्या भेगा बुजवा, शेणाचा उकिरडा घरापासून लांब न्या, गोठ्याची जमीन कोरडी ठेवा, आरोग्य खात्याची फवारणी आली तर गोठा आतून फवारू द्या, बारीक जाळीची मच्छरदाणी वापरा. लेश्मानिया आणि चांदीपुरा दोन्हींना हीच पथ्यं लागू आहेत.

श्रीलंकेचा अनुभव इथे डोळ्यांपुढे ठेवावा. तिथे त्वचेच्या लेश्मानियाचा पहिला स्थानिक रुग्ण १९९२ मध्ये नोंदला गेला. २००१ पासून उत्तरेत तैनात सैनिकांमध्ये संख्या वाढत गेली. २००८ मध्ये सरकारने रोगाची नोंद सक्तीची केली. त्वचारोग विभागांत दर आठवड्याला कडेतलं इंजेक्शन आणि द्रवरूप नत्र हाच तिथला नेहमीचा उपचार झाला. रोग आधी ओळखला, मग मोजला, मग उपचाराची जागा ठरवली.

चट्टा दिसला की

आमच्या भागात कातडीवर न दुखणारा चट्टा दिसला की माणसाच्या मनात पहिला शब्द येतो कुष्ठरोग. त्याला इतिहास आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरचं कुष्ठधाम १९३६ पासून आहे. वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन आहे. या संस्थांनी माणसं उभी केली, पण गावातली भीती अजून पुरती गेलेली नाही. भीतीपोटी चट्टा लपवला जातो. मलम लावलं जातं, मग दुसरं, मग स्टेरॉइड मिसळलेलं तिसरं. स्टेरॉइडने लेश्मानियाचा फोड क्षणभर शांत होतो आणि आतून पसरतो.

कुष्ठरोगात चट्ट्याची संवेदना जाते, कापसाची काडी फिरवली तरी कळत नाही. लेश्मानियाच्या फोडात संवेदना सहसा शाबूत असते. क्षयाचा कातडीवरचा प्रकार मंद गतीने वर्षानुवर्षं पसरतो. बुरशीचा चट्टा खाजतो आणि कडेला गोल वाढतो. पण नजरेने ठरवणं शेवटी अंदाजच. खात्री सूक्ष्मदर्शकाखाली होते.

ही तपासणी महागडी नाही. फोडाच्या कडेला छोटी चीर द्यायची, रक्त दाबून धरायचं, आतला रस काचपट्टीवर घ्यायचा, जिम्सा रंगाने रंगवायचं. शंभराच्या भिंगाखाली पेशीच्या पोटात जांभळ्या कडेचे गोल ठिपके दिसतात, प्रत्येकात एक मोठा आणि एक दांड्यासारखा छोटा गर्भबिंदू. हा लेश्मानिया. कातडी चिरून रस घेण्याची ही पद्धत कुष्ठरोगाच्या तपासणीत आपल्याकडचे तंत्रज्ञ कित्येक वर्षं वापरत आले आहेत. रंग वेगळा, हात तोच. जिम्सा रंगही मलेरियाच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेत असतोच.

पांढुर्ण्यासाठी एक मागणी

आता सगळं जुळवून पाहू. द्रवरूप नत्र जनावरांच्या दवाखान्यापर्यंत येतो. चीर देऊन रस घेणारा हात कुष्ठरोगाच्या कामात तयार झालेला आहे. जिम्सा रंग मलेरियाच्या टेबलावर आहे. क्रायोगन ही छोटी वस्तू आहे. आणि हा नत्र वर्षाकाठी येणाऱ्या एखाद्या लेश्मानियासाठी पडून राहणार नाही. तळपायावरची भोवरी झालेली चामखीळ, हातावरच्या चामखिळी, छातीवरचा केलॉइड, या रोजच्या तक्रारींवर तोच वापरता येतो. आज त्यासाठी माणूस नागपूरला खासगी दवाखान्यात जातो, दिवसाची मजुरी बुडवतो, आणि एक फवारा घेऊन परत येतो.

नव्या जिल्ह्याला नवं रुग्णालय घडवण्याची संधी असते. पांढुर्ण्याच्या जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक सकाळ त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग असावा. तिथे नत्राचा स्वतंत्र जार असावा, माणसांसाठीचा. पशुवैद्यकीय जार उसना आणायचा नाही. जारमध्ये कापसाची वापरलेली काडी पुन्हा बुडवायची नाही, कारण त्या थंडीत विषाणूही जिवंत राहतात. लागेल तेवढा नत्र कपात ओतून घ्यायचा आणि उरला तर उडू द्यायचा. एक लिटर द्रव नत्राचा सुमारे सातशे लिटर वायू होतो, म्हणून जारला घट्ट बूच लावायचं नाही आणि खोलीची खिडकी उघडी ठेवायची. पुरवठा मात्र पशुसंवर्धन खात्याच्या टँकरवरच जोडता येईल. रस्ता तोच, दिवस तोच, एक थांबा जास्त.

सौंसर आणि पांढुर्ण्याच्या प्रयोगशाळा तंत्रज्ञांना लेश्मानियाच्या काचपट्ट्या दाखवून घ्याव्यात. आशा कार्यकर्तींच्या प्रशिक्षणात एक वाक्य जोडावं: चार आठवड्यांत न भरणारी, न दुखणारी, उंच कडांची जखम, आणि माणूस राजस्थान, हिमाचल किंवा आखातातून आलेला, तर त्याला रुग्णालयात पाठवा.

वाचकांनाही सांगणं आहे. घरातला कुणी बाहेरगावाहून असा फोड घेऊन आला तर त्याला घरात कोंडू नका आणि दुसऱ्यांकडून लपवू नका. हा रोग स्पर्शाने होत नाही. स्टेरॉइडचं मलम दुकानातून आणून लावू नका, चटका देऊ नका, बर्फ घासू नका. कुठे कुठे गेला होता ते डॉक्टरला सांगा, आणि जखमेतला रस सूक्ष्मदर्शकाखाली तपासून मागा. लवकर ओळखला तर हा फोड बरा होतो आणि चेहरा वाचतो.

गायीसाठी आपण उणे १९६ अंशांची थंडी गोठ्यापर्यंत आणली. पांढुर्णा जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी ती आता माणसाच्या दवाखान्यापर्यंत आणावी.